रील्स झाल्या, जाहिराती झाल्या, आता पुढे काय? (बेदाण्याची ऑनलाइन विक्री)

ओझरकर
नमस्कार मंडळी. ओझरहून बेदाणे ऑनलाइन विकतो. ५०० ग्रॅमचं पाकीट २८० रुपयांना. माल १५०, पॅकिंग २०, कुरिअर ६०. रील्सना व्ह्यूज बक्कळ, ऑर्डरींच्या नावाने शिमगा. मेटाच्या (फेसबुक, इन्स्टाग्राम) जाहिरातीतून एक ऑर्डर १२० रुपयांना पडते, रोज ३०० चे चार ॲड सेट (वेगळ्या बजेटचे जाहिरातींचे गट) चालू आहेत. जो तो आता एआयचं नाव घेतोय, त्यात नाशिकचा २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर. यापुढे पैसा घालायचा कुठे?

हिशेबी_सिडको
२८० मधून २३० गेले, उरले ५०. त्यात १२० ची जाहिरात बसवताय, म्हणजे दर पाकिटामागे ७० रुपये खिशातून. ऑर्डरी वाढल्या तर तोटाच वाढेल. जाहिरात फक्त २ किलोच्या संचाची करा, ११०० रुपये. माल ६००, पॅकिंग ४०, कुरिअर ११०, जाहिरात १२०; हातात २३०. खोका मात्र बेतून घ्या. बरेच कुरिअरवाले लांबी × रुंदी × उंची (सेंमी) भागिले ५००० असं वजन काढतात. ३०×२५×२० चा खोका घेतलात की २ किलोला ३ किलोचं भाडं.

आणि चार ॲड सेट कशाला? एका सेटला आठवड्यात साधारण ५० ऑर्डरी मिळाल्या की जाहिरात कोणाला दाखवायची हे शिकून मेटाची यंत्रणा स्थिरावते. तुमच्या एकेका सेटला जेमतेम सतरा मिळतात. सगळे १२०० एकाच सेटमध्ये टाका आणि हात लावू नका. बजेटमध्ये मोठा बदल केला की तिचं शिकणं पुन्हा पहिल्यापासून.

पंचवटी_पेठ
हिशेब पटला, पण गिऱ्हाईक अजून भाड्याचंच आहे. ॲपलने एप्रिल २०२१ मध्ये आयफोनवर ॲप्सना ट्रॅकिंगसाठी (कोण काय करतो याचा माग ठेवायला) आधी परवानगी मागायला लावली, तेव्हापासून जाहिरातीतून नक्की कोण आलं हे धड कळत नाही. ज्याने आपणहून नंबर दिला, तोच खरा आपला.

सिंहस्थात ऑनलाइन जाहिरातीच्या मागे लागू नका, तिथे जाहिरातीच्या जागेसाठी तेव्हा सगळेच बोली लावतील. पंचवटी, त्र्यंबकमधल्या दुकानांत १०० ग्रॅमची पाकिटं ठेवा आणि पाकिटावर क्यूआर छापा. निदान २ सेंमीचा, सपाट भागावर. घडीवर किंवा चकचकीत फॉइलवर छापला तर स्कॅनच होत नाही. तो थेट तुमच्या व्हॉट्सॲपवर उघडावा, आधीच टाइप केलेल्या मजकुरासह: 'त्र्यंबक दुकान १, दर पाठवा'. दुकानागणिक मजकूर वेगळा, म्हणजे कुठून कोण आलं ते फुकटात कळतं.

बरेच जण पुढे फसतात ते असे: व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच मेसेज अनेकांना पाठवायची यादी) २५६ जण मावतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. पहिल्या उत्तरातच 'नंबर सेव्ह करा, नवा माल आला की कळवतो' म्हणा. महिन्याला दोन मेसेज पुष्कळ. रोजचं सुप्रभात पाठवलंत तर लोक ब्लॉक करतात, आणि करावंच.

शोधयंत्र
एआयचं थोडक्यात. गुगल आता कित्येक प्रश्नांचं उत्तर एआयने शोधाच्या पानावर वरच देतं, लोक साइटवर येतच नाहीत. उत्तरात तुमचं नाव यायचं तर माहिती मजकुरात हवी. दरपत्रक फोटोत टाकलंत तर ती वाचली जाईलच याचा भरवसा नाही. द्राक्षाची जात (थॉमसन, सोनाका), वजन, दर, किती महिने टिकतो, कुठल्या शहरांत पाठवता, हे मराठी, हिंदी, इंग्रजी तीन वेगळ्या पानांवर लिहा. साइटची रोबोट्स फाइलही (कुठल्या बॉटने साइट वाचावी, कुठल्याने नाही हे सांगणारी) बघून घ्या. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयचा जीपीटीबॉट एआयच्या प्रशिक्षणासाठी येतो, ओएआय-सर्चबॉट शोधासाठी. काही जण दोन्ही अडवतात आणि मग चॅटजीपीटीच्या शोधात दिसत नाही म्हणून रडतात.

गुगलवरच्या रिव्ह्यूसाठी सवलत देऊ नका, नियमात बसत नाही.

ओझरकर
बरंच सुटलं. प्रक्रियेचंही लिहायचं का? 'केमिकल' दिसलं की गिऱ्हाईक पळेल.

शोधयंत्र
उलट तोच प्रश्न लोक जास्त विचारतात. हिरवा बेदाणा पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या (द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून वापरायचं तेल) पाण्यात बुडवून सावलीत, रॅकवर वाळतो, असं सरळ लिहा. पिवळ्याला गंधकाची धुरी दिली असेल तर तेही. न दिलेला माल वेगळा ठेवून वेगळ्या दराने विका, त्याचं गिऱ्हाईक दर कमी घासतं.