हाडं शिकवायची तर सांगाडा थडग्याशी कशाला उभा केलाय?

रेघोटी:
फिगर ड्रॉइंगच्या सरावासाठी शरीररचनाशास्त्रज्ञ वेसॅलियसच्या १५४३च्या ग्रंथातली चित्रं उतरवतेय. हेतू एवढाच, की स्नायू पाठ व्हावेत. पण एक सांगाडा थडग्यावर कोपर टेकून, कवटीवर हात ठेवून विचारात बुडालाय. यात काही अध्यात्म आहे, की निव्वळ सजावट?

काळीशाई:
थडग्यावरचा लॅटिन मजकूर पाहिलास का? त्याचा आशय असा: माणूस बुद्धीने जगतो, बाकी सगळं मृत्यूचं. वेसॅलियस शिकवायचा त्या इटलीतल्या पादुआत विच्छेदनाला बहुधा फाशी दिलेल्यांची प्रेतं यायची, पण चित्रात ती आडवी पडलेली नाहीत. कातडी सोललेली ती माणसं टेकड्यांसमोर ऐटीत उभी आहेत! देवाची कारागिरी बघा, असं जणू स्वतःच दाखवताहेत. मग पान उलटेल तसं मांस लोंबायला लागतं आणि एकाला तर चक्क दोरीने टांगलंय. माझ्या मते खरी शिकवण त्या उतरणीत आहे, थडगं नंतर.

सरळरेषा:
कशातही अध्यात्म शोधायची हौस! चित्रकलेवर लिहिणाऱ्या आल्बेर्तीने १४३५मध्येच चित्रकारांना सांगितलं होतं: आधी हाडं, मग स्नायू, वरून मांस आणि त्वचा. हा कार्यशाळेतला धडा आहे, बस.

काळीशाई:
धडा आहेच, नाही कोण म्हणतंय? पण तो गिरवणाऱ्यांच्या डोक्यात काय चाललं होतं तेही बघा. मायकेलअँजेलोला फ्लॉरेन्सच्या सांतो स्पिरितो मठात प्रेतं अभ्यासायला मिळाली. त्याबद्दल त्याने मठाधिपतीला लाकडात कोरलेला क्रूसावरचा येशू दिला. पुढे त्याच्या ‘अंतिम न्याय’ या चित्रात, जिवंत सोलला गेलेल्या संत बार्थोलोम्यूच्या हातात सोललेली कातडी आली आणि तिच्यावरचा चेहरा मायकेलअँजेलोचाच, असं बरेच अभ्यासक मानतात. लिओनार्दोचं तर विचारूच नका. १४८९मध्ये त्याने कापलेल्या कवटीवर छेदणाऱ्या रेघा मारल्या, त्या आत्म्याची जागा शोधायला. सगळ्या ज्ञानेंद्रियांचा संगम जिथे होतो तिथेच आत्मा, अशी त्याची समजूत. शरीरशास्त्र म्हणून ती चुकली, पण इतक्या गंभीरपणे मारलेली रेघ मी दुसरी पाहिलेली नाही.

रेघोटी:
मग आधी काय उतरवू?

काळीशाई:
लिओनार्दोची कवटी. छटा राहू दे, आधी त्या रेघा मार.