कला सगळ्यांपर्यंत पोचवणारी माणसं: सेवाभावी की पगारी?

तिसरी घंटा

बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय मांडते आहे. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी एका सेवाभावी संस्थेत काम करते. नाटक, नृत्य, संगीत, चित्रं ज्यांच्यापर्यंत पोचत नाहीत त्यांच्यापर्यंत ती न्यायची, हे आमचं काम. अंध प्रेक्षकांसाठी श्राव्य वर्णन, कर्णबधिरांसाठी खुणांच्या भाषेचे दुभाषी, ऑटिझम असलेल्या मुलांसाठी दिवे पूर्ण न मालवता आणि दणदणाटी आवाज उतरवून केलेले प्रयोग. परवा एका बैठकीत देणगी देऊ इच्छिणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, "यातले किती पैसे प्रत्यक्ष कामाला जाणार आणि किती तुमच्या पगारांना?" बाकी कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मला मात्र लागलं. कारण आमच्या कामातून माणसं वजा केली तर 'प्रत्यक्ष काम' म्हणून उरतं तरी काय? चार इअरफोन आणि एक रॅम्प.

श्राव्य वर्णन कसं होतं ते जवळून सांगते. प्रेक्षागृहाच्या मागे काचेच्या खोलीत वर्णन करणारी बसलेली असते. समोर माइक, संहितेवर पेन्सिलीच्या खुणा. खाली खुर्च्यांत सात-आठ जणांच्या कानात इअरफोन. रंगमंचावर एक बाई काही न बोलता पत्र फाडते, तुकडे मुठीत धरते, दाराकडे वळते. दोन संवादांच्या मधली ही चार सेकंदं. तेवढ्यात "पत्र फाडलं. तुकडे मुठीत. दाराकडे वळली" एवढंच बसतं. 'दुःखाने' म्हणायचं नाही, ते ऐकणाऱ्याने ठरवायचं. वाक्य जरा लांबलं की पुढचा संवाद बुडाला. विनोदी प्रवेशात वर्णन मागे पडलं, तर सगळं प्रेक्षागृह हसून गप्प झाल्यावर हे सात-आठ जण हसतात. ते उशिरा आलेलं हसू मी ऐकलंय. अजून कानातून जात नाही.

या दोन तासांसाठी ती नाटक तीन-चारदा पाहते, वर्णन लिहिते, घड्याळ लावून वाचते, अंध सहकाऱ्याला ऐकवते, तो म्हणेल तिथे खोडून पुन्हा लिहिते. नेपथ्यकाराला मानधन मिळतं, प्रकाशयोजनाकाराला मिळतं. हिला आपण 'वेळात वेळ काढून मदत करणारी' म्हणतो.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. हे कसबाचं काम आहे, त्याचे पैसे मिळायलाच हवेत, आणि देणगीतला पहिला वाटा या माणसांचा हवा. तुम्हाला काय वाटतं?

---

हिशेबनीस

तुमच्या तळमळीबद्दल शंका नाही, पण मी दोन विश्वस्त संस्थांचे हिशेब बघितलेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

देणगीदाराचा प्रश्न अपमान करणारा नाही. पैसा मोजका आहे. प्रत्येकाला मानधन द्यायचं ठरवलं तर वर्षाला जे दहा प्रयोग होतात ते तीनवर येतील. उरलेल्या सात प्रयोगांचे प्रेक्षक घरी बसतील. त्यांना काय सांगायचं? की तुमच्यासाठी येणाऱ्यांना योग्य मोबदला देता येत नाही, म्हणून तुम्ही येऊ नका?

दुसरं, स्वयंसेवकांनी काय उभं राहू शकतं याची उदाहरणं आहेत. डॉ. किरण सेठ यांनी १९७७ मध्ये स्पिक मॅके सुरू केलं. थोर थोर कलावंत विद्यार्थ्यांसमोर गायला-वाजवायला बसले, विद्यार्थ्यांना तिकीट नाही, आणि सतरंज्या घालण्यापासून कलाकाराला स्टेशनवर घ्यायला जाण्यापर्यंतची कामं मुख्यतः विद्यार्थी स्वयंसेवकांनी केली. इतकी वर्षं चाललंय. आणि तुमचं श्राव्य वर्णनसुद्धा! १९८१ मध्ये वॉशिंग्टनच्या अरीना स्टेज नाट्यगृहात ते सुरू झालं, ते अंधांसाठी रेडिओवरून वर्तमानपत्रं वाचून दाखवणाऱ्या एका संस्थेच्या मदतीने. ती वाचणारी मंडळी स्वयंसेवकच होती.

पगार आला की नोकरी आली. नोकरी आली की पाच वाजता कुलूप. सेवाभाव ही या कामातली खरी ताकद आहे, ती घालवू नका.

---

पांढरी काठी

हिशेबनीस, वॉशिंग्टनची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. ती संस्था उभी करणाऱ्या मार्गारेट रॉकवेल (पुढे फानश्टील) स्वतः अंध होत्या. अरीना स्टेजला सल्ला देणाऱ्यांत अंध माणसं होती. म्हणजे ज्याला ऐकायचं होतं तोच ठरवणाऱ्यांत होता. नुसते दयाळू स्वयंसेवक जमले म्हणून ते झालं नाही.

आता माझा अनुभव. संस्थेचं नाव सांगणार नाही. एका नाटकाला आम्ही बारा अंध मित्र-मैत्रिणी गेलो. वर्णन करायला एक ताई आल्या होत्या, मनाने फार चांगल्या. त्यांनी नाटक आधी पाहिलेलं नव्हतं. पहिलं वाक्य कानात आलं, "अय्या, किती सुंदर सेट आहे!" संपलं. सुंदर म्हणजे कसा? घर की बाग? जिना कुठे, दार कुठे? मध्यंतरापर्यंत रंगमंचावर दोन पुरुष आहेत की तीन, यावर आमच्यात वाद चालला होता. एका प्रसंगात सगळं सभागृह श्वास रोखून गप्प झालं, आणि त्या ताईही गप्प झाल्या, कारण त्या नाटक बघण्यात रंगल्या होत्या. काय घडलं ते मला घरी जाताना टॅक्सीत कळलं.

आणि आम्ही काय केलं? "खूप छान झालं ताई, आभारी आहोत" म्हणालो. कारण फुकट आलेल्या माणसाला काय बोलणार? तुम्ही ज्याला सेवाभाव म्हणता, त्याची ही बाजू आमच्या वाट्याला येते. आम्हाला कायम आभारी राहावं लागतं. जिला मानधन दिलंय तिला मी सांगू शकतो की बाई गं, पुढच्या वेळी नाटक बघून ये.

---

मुक्तद्वार

चर्चा चांगली आहे, पण फार अरुंद होतेय. 'सगळ्यांसाठी कला' म्हटलं की आपण लगेच इअरफोन आणि रॅम्पवर का येतो? माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा अडसर म्हणजे 'ही जागा आपल्यासारख्यांची नाही' ही भावना. तिला रॅम्प पुरत नाही.

ब्रिटनने डिसेंबर २००१ मध्ये राष्ट्रीय संग्रहालयांच्या कायमस्वरूपी दालनांचं तिकीट काढून टाकलं. भेटी भरपूर वाढल्या. पण त्यातल्या बऱ्याचशा आधीच जाणाऱ्या वर्गाच्याच होत्या, कष्टकरी घरांमधून येणाऱ्यांचं प्रमाण त्या मानाने फारसं हललं नाही. दार उघडं ठेवल्याने माणूस आत येत नाही, कुणीतरी हात धरून आणावा लागतो. आणि तो हात ओळखीचा लागतो. पगारी 'संपर्क अधिकारी' गळ्यात ओळखपत्र घालून वस्तीत आला की लोक त्याला सर्वेक्षणवाला समजतात. शेजारची काकू म्हणाली "चल गं, मी पण येतेय", तर दहा जणी निघतात. त्या काकूला पगार द्यायला लागलात तर ती शेजारीण राहणार नाही.

म्हणून याबाबतीत मी हिशेबनीसांच्या बाजूचा.

---

तिसरी घंटा

मुक्तद्वार, काकूंचं पटलं. खरंच पटलं. आमच्याकडेही प्रेक्षक आणणारी माणसं तशीच आहेत आणि त्यांना पावती-व्हाउचरमध्ये बांधायला मलाही आवडणार नाही. पण एक बघा. काकू दहा जणींना घेऊन आल्या. आत आल्यावर पुढे काय? त्यांना कुठे बसवायचं, कोणती खुर्ची कडेला हवी, लहान मूल रडलं तर बाहेर नेऊन परत आणता येईल का, कुणाला ऐकायला कमी येतं, हे आठवडाभर आधी फोन करून विचारणारी बाई वेगळी. ती रोज सकाळी कामावर येते आणि तिला घरभाडं भरायचं असतं. तिचं काम कुणाला दिसत नाही, कारण ते नीट झालं की काहीच घडत नाही.

व्हेनेझुएलात, कराकसमध्ये होसे अंतोनियो आब्रेऊंनी १९७५ साली मोजक्या मुलांना घेऊन वाद्यवृंद सुरू केला, त्यातून एल सिस्तेमा हा मुलांना फुकट संगीत शिकवणारा उपक्रम उभा राहिला. त्याच्या भाबड्या कौतुकात मी शिरत नाही, त्याच्यावर टीकाही भरपूर झाली आहे. पण गरीब घरातल्या मुलांच्या हातात व्हायोलिन फुकट आलं, तरी शिकवणारा फुकट नव्हता. मागे सरकारी पैसा होता. मुलं रोज दुपारी येतात म्हणजे शिक्षकही रोज दुपारी हवा. ज्याचं पोट दुसरीकडे आहे तो रोज कसा येणार?

---

विंगेतून

दिग्दर्शक म्हणून लिहितो. वाद पैशांपुरता ठेवू नका. आमच्या नाटकात प्रयोगाच्या दोन दिवस आधी निरोप आला की दुभाषी उभे राहणार आहेत. कुठे? तर डाव्या कोपऱ्यात, जिथे माझा शेवटचा प्रवेश आहे आणि जिथे मी मुद्दाम काळोख ठेवलाय. तिथे आता एक माणूस पांढऱ्या उजेडात हात हलवणार. अख्ख्या प्रेक्षागृहाचे डोळे त्याच्याकडे. हेतू चांगला असला तरी नाटकाचं काय? कलाकृतीला हात न लावता सोय करता येत असेल तर करा.

---

डोळ्यांनी ऐकतो

विंगेतून, मी कर्णबधिर आहे. तुमचा तो शेवटचा काळोख मी दुसऱ्या एका नाटकात अनुभवलाय. दिव्यांच्या यादीत दुभाष्याचा दिवा कुणी धरलाच नव्हता. काळोख झाला, दुभाषीही काळोखात गेले. ते अंधारात खुणा करत राहिले, मला त्यांच्या बाह्यांची हालचाल तेवढी जाणवत होती. नाटकातलं शेवटचं वाक्य काय होतं, ते मला आजही माहीत नाही.

चूक दुभाष्यांची नव्हती, तुमच्यासारख्या दिग्दर्शकाचीही नव्हती. दोन दिवस आधी निरोप येतो, ही चूक. ब्रिटनमध्ये १९८० पासून ग्रेआय नावाची नाट्यसंस्था आहे, अपंग कलावंतांनी चालवलेली. तिथे खुणांची भाषा आणि श्राव्य वर्णन नाटकाच्या आतच गुंफलेलं असतं, पहिल्या तालमीपासून. तिथे दुभाषी बाहेरून आणून उभा केलेला माणूस वाटत नाही. पण पहिल्या तालमीपासून यायचं म्हणजे महिनाभर यायचं. महिनाभर फुकट कोण येईल? म्हणजे फिरून मूळ प्रश्नावरच आलो.

---

विंगेतून

तालमीपासून, हे मान्य. त्या वाक्याबद्दल वाचून वाईट वाटलं. माझ्या नाटकाच्या प्रकाशयोजनेत तो दिवा मी घेतो. पण निर्मात्याला महिनाभराचं मानधन कोण पटवून देणार, हे मला अजून कळत नाही.

---

हिशेबनीस

पांढरी काठी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'कायम आभारी राहावं लागतं' हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. त्या प्रयोगाला तुम्ही बारा जण होतात, म्हणजे आमच्या अहवालात 'लाभार्थी १२' अशी नोंद गेली असती.

तरी माझं म्हणणं सोडत नाही. सगळ्यांना मानधन म्हणजे सात प्रयोग कमी, हे गणित तुम्ही कुणी सोडवलेलं नाही. आणि स्वयंसेवक म्हणजे अडाणी, हे गृहीतही बरोबर नाही. त्यांनाही तयार करता येतं. त्या ताईंना कुणी शिकवलं होतं का?

---

पांढरी काठी

नव्हतं शिकवलं. हा प्रश्न योग्य आहे. पण शिकवणार कोण? शिकवणाराही कुठेतरी पगारावर हवा ना. इटलीत अंकोनाला ओमेरो नावाचं संग्रहालय आहे. आल्दो ग्रास्सिनी आणि दानिएला बोत्तेगोनी या अंध दांपत्याला जगभरच्या संग्रहालयांतल्या 'हात लावू नका' पाट्यांचा कंटाळा आला, म्हणून १९८५ मध्ये त्यांना शिल्पं हाताने पाहता येतील अशा संग्रहालयाची कल्पना सुचली. सुरुवात ध्यासातूनच झाली, हे तुमच्या बाजूचं. पण १९९९ मध्ये त्याला राष्ट्रीय संग्रहालयाचा दर्जा मिळाला, हे आमच्या बाजूचं. ध्यासाला कधीतरी खुर्ची, टेबल आणि पगारपत्रक लागतं.

आणि दहाऐवजी तीन प्रयोग म्हणता, तर मला तीन चालतील. दहा नाटकं न समजता बसून येण्यापेक्षा तीन पूर्ण बघेन. हे माझ्यापुरतं. बाकीच्यांना विचारा, परस्पर ठरवू नका.

---

मुक्तद्वार

'बाकीच्यांना विचारा' हे आधी व्हायला हवं होतं. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराचं ३० वं कलम सांस्कृतिक जीवनातल्या सहभागाबद्दल आहे. त्यात अपंग व्यक्तींना आपली कलाक्षमता फुलवण्याची संधी हवी असं म्हटलंय, तेही केवळ त्यांच्या भल्यासाठी नाही तर समाज समृद्ध होण्यासाठी. आपण मात्र प्रेक्षकांच्या खुर्च्यांवरच अडकलोय. तिसरी घंटा, तुमच्या संस्थेत निर्णय घेणाऱ्यांत किती जण अंध किंवा कर्णबधिर आहेत?

---

तिसरी घंटा

एकही नाही. वर्णन तपासणारा अंध सहकारी आहे, असं मी वर अभिमानाने लिहिलं. पण तोही येईल तेव्हा येतो आणि त्याला आम्ही फक्त प्रवासखर्च देतो. धागा मी काढला आणि हे माझ्याच डोक्यात आलं नव्हतं.

हिशेबनीस, आमच्या पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात मी प्रयोग कमी करून दाखवणार आहे: दहाऐवजी पाच. प्रत्येकाला वर्णनकार आणि दुभाषी तालमीपासून, आणि तपासणाऱ्याला मानधन. प्रेक्षक आणणाऱ्या काकू स्वयंसेवकच राहतील. देणगीदारांसमोर ते कसं मांडायचं यात तुमची मदत झाली तर हवी आहे. तुम्ही विरोधात आहात म्हणूनच विचारते, ते काय काय विचारतील ते तुम्हाला आधीच माहीत असेल.

---

हिशेबनीस

अंदाजपत्रक पाठवा. पाचवर मी भांडणार आहे, पण पाठवा. आणि 'पगार' आणि 'कार्यक्रम' असे दोन रकाने करू नका. प्रत्येक प्रयोगाखाली त्यात राबलेल्या माणसांचे तास लिहा. तीन वेळा नाटक पाहिलं त्याचे तास, खोडून पुन्हा लिहिलं त्याचे तास. ते एकदा आकड्यांत दिसले की देणगीदार कसा प्रश्न विचारतो ते मलाही बघायचंय.

---

पांढरी काठी

तिसरी घंटा, पुढच्या प्रयोगाच्या वर्णनाची ध्वनिफीत आठ दिवस आधी माझ्याकडे पाठवा. ऐकून कुठे अडलो ते मिनिटासकट लिहून कळवतो. तासाप्रमाणे मानधन घेईन.