मुरमाड माळावर बेव्हरेज अँटेनाचं टर्मिनेशन कसं करावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

हॅम रेडिओवाले इथे फार नाहीत हे ठाऊक आहे. पण आहेत त्यांच्यातला एखादा तरी १६० मीटरच्या (१.८ मेगाहर्ट्झच्या) बँडच्या नादाला लागलेला असेल, या आशेवर लिहितोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माण तालुक्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे. दोन एकर बोअरवर भिजतं, बाकी सगळा माळ. त्या माळावर गेल्या ऑक्टोबरात, परतीचा पाऊस सरल्यावर, १८० मीटर लांबीची बेव्हरेज (जमिनीलगत आडवी ताणलेली, एकाच दिशेचं ऐकणारी तार) टाकली. फक्त ऐकण्यासाठी, पाठवायला घराशेजारी इन्व्हर्टेड-एल (उलट्या एल आकाराची अँटेना) वेगळी आहे. तार झटका मशीनच्या कुंपणाची, १.६ मिलिमीटर. तांब्याची लावली असती तर एका रात्रीत भंगारवाल्याकडे पोचली असती. बांबूवर, अडीच मीटर उंचीवर. दिशा ३२५ अंश, म्हणजे ३२० च्या आसपासचा युरोप आणि ३३५ वरचा अमेरिकेचा पूर्व किनारा, दोन्ही एकाच तारेत. बोअरकडच्या टोकाला ट्रान्सफॉर्मर (अर्थसाठी जुनं लोखंडी केसिंग वापरलंय), तिथून आरजी-६ केबल घरापर्यंत. वायव्येच्या टोकाला ४७० ओहमचा रेझिस्टर आणि खाली अर्थ रॉड. हेच टर्मिनेशन, मागून आलेला सिग्नल इथे जिरायला हवा.

नोव्हेंबर-डिसेंबर नुसतं सुख होतं. मध्यरात्रीनंतर युरोपची स्टेशनं इन्व्हर्टेड-एलवर खरखरीत बुडालेली असायची, ती बेव्हरेजवर स्वच्छ. मागच्या शेतातल्या झटका मशीनचं टक-टक जवळपास गायब.

फेब्रुवारीपासून मात्र ते टक-टक परत आलं. सेकंदाला एक, घड्याळ लावल्यासारखं. त्याहून स्पष्ट पुरावा म्हणजे व्हीके सिक्स, म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियाची हौशी स्टेशनं. पर्थ आमच्याकडून १४१ अंशांवर, म्हणजे तारेच्या बरोबर पाठीमागे. डिसेंबरात दिवेलागणीनंतर ती मंडळी बेव्हरेजवर जेमतेम कुजबुजायची, आता समोर बसल्यासारखी बोलतात. याचा अर्थ मागून येणारा सिग्नल तारेवरून वायव्य टोकाला जातो, तिथे जिरत नाही आणि उलटून ट्रान्सफॉर्मरकडे येतो. अँटेना दोन्हीकडून ऐकायला लागलीय.

मोजमाप असं. नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) थेट तार आणि केसिंग यांच्यात लावून १ ते ८ मेगाहर्ट्झ फिरवला. डिसेंबरात इंपिडन्स (एसीला होणारा एकूण विरोध) ४६५ ते ५६० ओहम यांच्यात हेलकावे खात होता. आता तोच ३३० ते ७९० खातो, साधारण दर ०.८ मेगाहर्ट्झला एक लाट. दोन्ही वेळा शिखर गुणिले दरी, त्याचं वर्गमूळ ५१० च येतं. म्हणजे तारेत बदल नाही (१३८ गुणिले लॉग ४ उंची भागिले व्यास, या सूत्रानेही ५२४ येतात). रेझिस्टर सोडवून मोजला, ४६८. कार्बनचेच आहेत, बुधवार पेठेतून निवडून आणलेले. वायरवाउंड सिमेंटवाला (तो कॉइलसारखा वागतो) लावण्याचा गाढवपणा आधी एकदा करून झालाय.

राहिला तो रॉड. आमच्याकडे वीतभर माती, मग मुरूम आणि दीड फुटावर काळा पाषाण. रॉड तिथे आपटून टणकन वाजतो आणि हात झिणझिणतात. पावसानंतर ओल होती तोवर रॉडचे ९० ओहम धरू, आता वाळल्यावर सव्वातीनशेच्या पुढे गेले असणार. ते ४७० मध्ये मिळवले की आठशे. शिखराचा आकडाही तेच सांगतो.

गंमत अशी की हीच भिकार जमीन बेव्हरेजला लागते. जमीन खराब वाहक असेल तर येणारी लाट पुढे कलते आणि त्या कलण्यातूनच आडव्या तारेत सिग्नल उतरतो. खाऱ्या पाण्यावर ही अँटेना चालत नाही. १९२१ च्या डिसेंबरात पॉल गॉडली या अमेरिकन हौशी रेडिओवाल्याने स्कॉटलंडमध्ये आर्ड्रोसनला तंबूत बसून १३०० फुटी बेव्हरेजवर अमेरिकेची हौशी स्टेशनं ऐकली. त्याला थंडी-पावसाने छळलं, पण निदान ओल तरी फुकट होती!

आता प्रश्न:

रॉडचे ओहम गृहीत धरून रेझिस्टर २२० चा केला तर? की मग जूनमध्ये उलटं रडायचं?

आमचा वायरमन म्हणतो मीठ-कोळशाचा खड्डा करा, रोज घागरभर पाणी ओता. टर्मिनेशनचं टोक घरापासून चालत दहा मिनिटं. घागर कोण नेणार, हा उपप्रश्न.

की रॉडचा नाद सोडून जमिनीवर नुसत्या तारा पसरू? किती, केवढ्या, कोणत्या दिशेला?

---

प्रतिसाद:

ओएम (ओल्ड मॅन, म्हणजे आपल्या हॅम भाषेत मित्रा), निदान बरोबर वाटतंय, पण आधी एक खात्री करा. केसिंगला पंपाच्या मोटारीची अर्थ वायर जोडलेली असणार. शिवाय ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही वाइंडिंगचा अर्थ एकच असेल तर घरातली आणि मोटारीची घाण केबलच्या जाळीवरून आत येते. तार ट्रान्सफॉर्मरवरून काढा आणि ऐका. टक-टक तरीही आलं तर चोर दुसराच आहे. वाइंडिंगं वेगळी ठेवा, केबलच्या बाजूचा अर्थ चार-पाच मीटर लांब घ्या.

मीठ-कोळसा नको. तो खड्डा विजेच्या अर्थिंगसाठी ठीक, पण मीठ पावसात वाहून जातं आणि रॉड खातं. तुम्हाला कमी ओहमपेक्षा बारा महिने सारखे ओहम हवेत. तारा पसरा: चार पुरेत, दोन २२ मीटरच्या, दोन ११ च्या. जमिनीवर पडलेली तार हवेतल्यापेक्षा पुष्कळ आखूड असतानाच पाव तरंगलांबीला येते, म्हणून ४१ नाही, २२. लांब जोडी १६० मीटर बँडसाठी, आखूड ८० साठी. मुख्य तारेला काटकोनात, समोरासमोर टाका, म्हणजे त्यांनी स्वतः पकडलेलं एकमेकांत फिटतं. तारेच्या खालून मागे नेऊ नका. रॉडही जोडलेला राहू दे.

---

प्रतिसाद:

रेझिस्टर बदलण्याआधी ५०० ओहमचा कार्बन प्रीसेट (स्क्रूने कमी-जास्त होणारा रेझिस्टर) लावून बघा. एक जण त्या टोकाला, एक नॅनोव्हीएनएवर. लाट सर्वांत सपाट दिसेल तो आकडा खरा. वळवाच्या आधी गॅस डिस्चार्ज ट्यूब (विजेचा झटका जमिनीत वळवणारी) टाका, एरवी पहिल्या विजेला कार्बन बदलावे लागतील.

---

धागाकर्ता:

दोघांचे आभार. रविवारी सगळं केलं.

तार काढून ऐकलं: टक-टक नाही, पण पंप सुरू झाल्यावर बारीक गुणगुण होती, ती केबलवरूनच. वाइंडिंगं वेगळी केली, ती गेली.

तारा टाकल्या, ४७० तसाच ठेवून हेलकावे ४३० ते ६०० वर आले. मग पुतण्याला प्रीसेट आणि स्क्रू ड्रायव्हर देऊन त्या टोकाला बसवलं, फोन स्पीकरवर. "काका, फिरवू का अजून?" "थोडा डावीकडे. नाही, माझ्या डावीकडे." अर्धा तास हे चाललं. ३९० ला लाट ४७५ ते ५४५ मध्ये बसली, पक्का रेझिस्टर तोच लावला. संध्याकाळी व्हीके सिक्स पुन्हा कुजबुजायला लागले. टक-टक आहे, पण कान दिला तरच.

आता एकच: शेळ्या. त्या तारा आडव्या पसरल्यात तिथूनच त्यांची वाट आहे, आज एक २२ वाली खुरात अडकून तुटली. मुरमात चार बोटं पुरल्या तर लांबीचं गणित बदलेल का? की नुसते यू-खिळे ठोकून भागेल?