स्पॅनिशमध्ये 'जायचो' लिहायचं तर 'फुई' की 'इबा'? लई गोंधळ व्हायलाय

शहापूरचा_पोरगा
नमस्कार सगळ्यांना. मी बेळगावचा, आठ महिने झाले ऑनलाईन स्पॅनिश शिकालोय, डेलेची (स्पॅनिश येतं याचं प्रमाणपत्र देणारी) ए-२ पातळीची परीक्षा द्यायची आहे. साधा भूतकाळ घासून पाठ केला, फुई फुइस्ते फुए (गेलो, गेलास, गेला, आणि 'होतो' ला पण हेच) झोपेतसुद्धा म्हणतो, आणि आता हा इम्पेर्फेक्तो (अपूर्ण भूतकाळ) आला आणि सगळं कालवलं बघा. गेल्या आठवड्यात 'माझं लहानपण' यावर दहा ओळी लिहायच्या होत्या. मी लिहिलं की सुट्टीत खानापूरला आजीकडे जायचो, आजी लई कडक होती, परसात उभं राहून रेल्वे बघायचो वगैरे. मॅडमनी सात ठिकाणी 'फुई', 'फुए', 'वी' यांच्यावर लाल रेघ ओढून बाजूला इबा, एरा, वेइआ लिहून दिलं आणि तेवढ्यात तास संपला, कारण विचारायचं राहिलं. मला कळत नाही ते असं की ते दिवस संपले, आजी पण आता नाही, मग संपलेल्या गोष्टीला साधा भूतकाळ का चालत नाही? आणि आब्लारचं (बोलणं) आब्लाबा, कोमेरचं (खाणं) कोमिआ, मग इरचं (जाणं) सरळ 'इआ' का होत नाही?

टिळकवाडीची_अक्का
आधी घाबरू नकोस. या काळात नियमाबाहेरची क्रियापदं अख्ख्या स्पॅनिशमध्ये फक्त ३ आहेत, सेर (असणं), इर (जाणं) आणि वेर (बघणं), आणि तुझ्या निबंधात नेमकी तीच आली. एरा, एरास, एरा, एरामोस, एराइस, एरान. इबा, इबास, इबा, इबामोस, इबाइस, इबान. वेइआ, वेइआस, वेइआ, वेइआमोस, वेइआइस, वेइआन. संपलं.
आता तुझा खरा प्रश्न. तू मराठीत काय लिहिलंस बघ की, 'जायचो', 'बघायचो'. 'गेलो' नाही लिहिलंस. म्हणजे तुझ्या डोक्यात फरक आहेच, फक्त स्पॅनिशमध्ये उतरताना सुटला. गोष्ट संपली की नाही हे इम्पेर्फेक्तो बघतच नाही, त्या काळात आत उभं राहून सांगालायस का हे बघतो. आजी गेली म्हणून तिचा कडकपणा 'फुए' होत नाही बाळा, मि आब्वेला एरा मुय एस्त्रिक्ता असंच म्हणायचं.
आणि तू बेळगावचा, कन्नड येतंच की तुला. मराठीत 'जात होतो' आणि 'जायचो' अशी दोन रूपं आहेत, त्यामुळे आपण अडखळतो, पण कन्नडमध्ये 'होगतिद्दे' एकच, वाटेत होतो तरी होगतिद्दे आणि रोज जायचो तरी होगतिद्दे. इबा अगदी तसंच आहे. आणि 'होदे' म्हणजे फुई. मी शिकताना वहीत मराठी अर्थ लिहायचे तेव्हा दरवेळी चुकायचे, कन्नड लिहायला लागले तेव्हा चूक थांबली. इबा आल मेर्कादो क्वान्दो एम्पेसो आ योवेर, बाजाराला जात होते तेव्हा पाऊस सुरू झाला. हे कन्नडमध्ये मनात म्हणून बघ, आपोआप बसतं.

लोंढा_जंक्शन
'इआ' का नाही याचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते मला फार आवडतं. तुझं 'इआ' पोर्तुगीजमध्ये आहे! आमचे आजोबा गोव्यातल्या साखळीचे, १९६१ च्या आधी पोर्तुगीज शाळेत शिकलेले, ते 'एउ इआ' म्हणायचे, मी जायचो. स्पॅनिशनं मात्र लॅटिनमधल्या 'ईबाम' मधला ब तसाच ठेवला, आणि एरा पण लॅटिन 'एराम' वरूनच आलेलं. म्हणून ही रूपं वाकडी नाहीत, जुनी आहेत. वेर तर जवळजवळ नियमातच आहे, पूर्वी ते वेएर असं दोन ए घालून होतं, त्यातला एक ए इथे शिल्लक राहिला, म्हणून वेइआ, नाहीतर नुसतं 'विआ' झालं असतं, पोर्तुगीजमध्ये तसंच आहे.

निपाणीचे_मामा
अक्कांचं बरोबर आहे पण 'जायचो दिसलं की इबा' असं डोळे झाकून करू नका, माझे परीक्षेत तिथंच मार्क गेलेत. किती वर्षं ते मोजून सांगितलं की सहसा साधा भूतकाळ येतो, मराठीत काहीही असो. 'दहा वर्षं रोज लोंढ्याला जायचो' हे आपण म्हणतो, स्पॅनिशमध्ये दुरान्ते दिएस आन्योस फुई. काळ लांब आहे की छोटा याचा संबंध नाही, दोन्ही टोकं बांधलीत का तेवढं बघायचं. 'तीन वेळा गेलो' पण तसंच, फुई त्रेस वेसेस.
'होतो' मध्ये अजून एक गोची आहे. 'लहान होतो' ते एरा, पण 'घरी होतो' ते एस्ताबा, तिथे एरा घातलं की चुकलं. आणि 'कार्यक्रम चांगला होता' म्हणायच्या जागी 'चांगला झाला' म्हणून बघा, मराठीत 'झाला' बसत असेल तर बहुतेक फुए. आजी कडक 'झाली' असं तुम्ही म्हणणार नाही, म्हणून एरा.
इबाच्या पुढे 'आ' आणि दुसरं क्रियापद लागलं की अर्थ पण बदलतो, 'ते इबा आ यामार' म्हणजे तुला फोन करणार होतो, केला नाही. हे रोजच्या बोलण्यात सारखं येतं.

शहापूरचा_पोरगा
अक्का, मामा, लोंढावाले दादा, तिघांचेही मनापासून आभार. होगतिद्दे वाचलं आणि एकदम उजेड पडला, शेजारच्या काकूंशी दिवसभर तेच बोलतो आणि कधी लक्षात आलं नव्हतं. परत लिहिलंय, बघता का?
क्वान्दो एरा निन्यो, इबा आ खानापूर तोदोस लोस वेरानोस. मि आब्वेला एरा मुय एस्त्रिक्ता. देस्दे एल पातिओ वेइआमोस लोस त्रेनेस. उन दिआ मि आब्वेला फुए कोन्मिगो आ ला एस्तासिओन.
शेवटचं फुए मुद्दाम ठेवलंय, आजी माझ्याबरोबर स्टेशनला एकदाच आली होती.

टिळकवाडीची_अक्का
चारही बरोबर. ते शेवटचं फुए तर अगदी जागेवर आहे. फक्त लिहिताना एरामोस आणि इबामोस मध्ये पहिल्या अक्षरावर आघाताची खूण द्यायची आणि वेइआच्या सगळ्या रूपांत मधल्या इ वर. आणि बोलताना वेइआचा व हा ब सारखा म्हण, बेइआ.