अनुभव धागा : कमी पैशांतला, गावाकडचा स्लॅशर

स्लॅशर म्हणजे एकेकाला गाठून मारणाऱ्या खुन्याचा भयपट. आडरानातलं घर, बंद पडलेली गाडी, मुखवटा घातलेला माणूस. भूत नाही, करणी नाही. असे सिनेमे विदर्भातल्या गावखेड्यांत तुम्ही कुठं पाहिले, काय आवडलं? लिहा मंडळी. कथानक नको, अनुभव हवा.

दारव्हा : गणपतीत मंडळ भाड्यानं व्हीसीआर आणायचं. पौराणिक सिनेमा संपून बाया घरी गेल्या की आम्ही पोट्टे दुसरी कॅसेट लावायचो. इंग्रजी कोणालेच येत नव्हतं. पळणारी पोरगी अन् तिच्या मागचा माणूस, एवढं समजलं की पुरे.

वरुड : थ्री फेज लाइन रात्री येते, म्हणून ओलिताले रात्रीच जावं लागते. मोटर सुरू करून मी मोबाइलवर हेच सिनेमे पाहतो. यांच्याजवळ दिव्यांले पैसे नसतात, म्हणून अंधार खरा दिसतो, आमच्या धुऱ्यावरचा असतो तसाच. एकदा शेजारच्या तुरीत रानडुक्कर खसफसलं, तर आवाज सिनेमातला का बाहेरचा, समजेच ना. मोठ्या बजेटच्या सिनेमानं असं कधी केलं नाही.

हिंगणघाट : टोबी हूपरचा ‘द टेक्सस चेन सॉ मॅसेकर’ (1974) पाहाच. टेक्ससच्या भर उन्हाळ्यात, 16 मिमीच्या, म्हणजे अरुंद आणि स्वस्त, फिल्मवर चित्रित केलेला. नावावरून वाटतं तेवढं रक्त त्यात दिसतच नाही. घाम, ऊन आणि जनरेटरची घरघर यांनीच जीव घाबरतो; मे महिन्यातली आमची दुपार ज्यांनी काढली त्यांना ते लगेच पटेल. पण मला धरून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. सिनेमातलं खुनी कुटुंब कत्तलखान्यात काम केलेलं. तिथं नवं यंत्र आलं, हातानं काम करणारे बेकार झाले, हे एक जण गाडीत बसून सांगतो. बंद गिरणीच्या गावात वाढलेल्या माणसाला ते वाक्य सोडत नाही. खून माफ होत नाहीत, पण ते घर असं का झालं ते दिसतं.

मूल : आमच्याकडं वाघाचं भेव रोजचं. सरपणाला एकटं कोणी जात नाही. सिनेमातले एकेकटे जंगलात शिरतात तेव्हा मी खरंच ओरडतो.

घाटंजी : मला राग येतो तो शहरातून आलेले तेवढे माणसं आणि गावातले सगळे जनावरं, असं दाखवतात त्याचा. तरी मी आणि माझी बहीण पाहतो, शेवटी वाचणाऱ्या पोरीसाठी. बहुतेकदा ती सगळ्यांत सावध असते. दार वाजलं की तीच आधी ऐकते. आम्ही दोघी तिला मोठ्यानं सांगतो, पऱ्हाटीत लपू नको, सडकेकडं पळ!