लेप्टो आणि टीएलआर4: 24 पैकी 24 नमुने न कापलेले, एन्झाइम चुकतंय की निवड?

नेरूळ_लोकल: नवी मुंबईतल्या लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) रुग्णांत टीएलआर4 या जंतू ओळखणाऱ्या रिसेप्टरचा 299 व्या जागेवरचा बदल (अ‍ॅस्पार्टेटऐवजी ग्लायसीन) तपासायचाय. 60 रुग्ण, 60 कंट्रोल (तुलनेसाठी आजार नसलेले), कंट्रोल कॉलेजातलेच. पीसीआरने जनुकाच्या त्या तुकड्याच्या प्रती काढल्या, एनकोवन या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमने कापून 3 टक्के अ‍ॅगरोज जेलवर चालवलं, म्हणजे तुकडे लांबीनुसार वेगळे होतात. पहिले 24 नमुने सगळे 249 बेसवरच, 223 चा बँड (पट्टा) एकातही नाही. आपल्याकडे हा बदलच नाही असं समजायचं का?

जेलवाचक: इतक्यात नको. या पद्धतीत बदललेला अ‍ॅलील (जनुकाचं रूप) कापला जातो (223 + 26), मूळचा अखंड राहतो. त्यामुळे एन्झाइम मेलेलं असलं तरी जेल अगदी नॉर्मल दिसतं. बदललेल्या अ‍ॅलीलची वारंवारता 10 टक्के धरली तर 24 जणांत चार-पाच वाहक दिसायला हवेत.

एन्झाइम तपासायला लॅम्डा (एका विषाणूचा डीएनए) घ्या, त्यात एनकोवनने कापायच्या 4 जागा आहेत. एका नळीत नुसता लॅम्डा, दुसरीत लॅम्डा आणि तुमचं पीसीआर प्रॉडक्ट. पहिली कापली आणि दुसरी नाही, तर प्रॉडक्टमधले क्षार आड येतायत; ते शुद्ध करा किंवा कमी घाला. एन्झाइम एकूण मिश्रणाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नको, ग्लिसरॉल वाढतं. आणि सिक्वेन्सिंग केलेला एक वाहक नमुना प्रत्येक जेलवर हवाच. रक्त हेपरिनच्या नळीत घेतलं असेल तर पीसीआरच अडखळतो, ईडीटीए वापरा.

खाडीपलीकडे: एन्झाइम दुरुस्त होईल हो, पण रिसेप्टरच चुकलाय. टीएलआर4 ई. कोलायसारख्या जंतूंचं एलपीएस (बाहेरच्या आवरणातला घटक) ओळखतो. लेप्टोस्पायराचं, म्हणजे लेप्टोच्या जंतूचं, एलपीएस वेगळ्या घडणीचं आहे. माणसाचा टीएलआर4 त्याला दाद देत नाही, टीएलआर2 देतो. उंदराचा टीएलआर4 मात्र ते ओळखतो, म्हणून उंदरांवरचे निबंध वाचून बरेच जण फसतात.

नेरूळ_लोकल: मग टीएलआर2 मधलं काय घ्यावं? 677 आणि 753 या दोन जागा वाचनात आल्यात.

खाडीपलीकडे: 677 विसरा. टीएलआर2 च्या एक्सॉन 3 ची (जनुकाच्या एका भागाची) 93 टक्के जुळणारी नक्कल सुमारे 23 किलोबेस (23 हजार बेस) अलीकडे आहे. प्रायमर (पीसीआरला जागा दाखवणारे छोटे तुकडे) तीही उचलतात आणि जो तो हेटरोझायगस (दोन वेगळी रूपं असलेला) दिसतो. कुष्ठरोगाच्या संदर्भात गाजलेला हा ‘बदल’ खरा नसल्याचं 2005 मध्ये भारतीय नमुन्यांवरच दाखवलं गेलं. 753 चा बदल आशियात फार विरळा, 120 जणांत हाती काही लागणार नाही.

जनुकाच्या सुरुवातीच्या भागातलं 22 बेसचं डिलीशन, म्हणजे गळालेला तुकडा (−196 ते −174), घ्या. एन्झाइमची भानगडच नाही: 286 म्हणजे पूर्ण, 264 म्हणजे डिलीशन, दोन्ही म्हणजे हेटरोझायगस. हेटरोझायगसमध्ये वर तिसरा फिका बँड दिसू शकतो. तो दोन वेगळ्या धाग्यांच्या जोडीचा असतो, नवा अ‍ॅलील नव्हे.

जेलवाचक: संख्येचंही बघा. 10 टक्के वारंवारता आणि 80 टक्के पॉवर (खरा फरक पकडण्याची शक्यता) धरली तर 60-60 मध्ये ऑड्स रेशो (दोन गटांतल्या शक्यतांचं गुणोत्तर) पावणेतीनच्या खालचा फरक तितक्या खात्रीने पकडता येत नाही. 2 साठी प्रत्येक गटात 140, दीडसाठी साडेचारशे.

तुर्भे_नाका: कॉलेजचे कंट्रोल हीच मोठी चूक. जो साचलेल्या पाण्यात उतरलाच नाही, तो प्रतिकारक्षम की फक्त कोरडा, कसं कळणार? तबेल्यातले, गटारसफाईचे कामगार घ्या. मॅट चाचणीत (लेप्टोविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्तचाचणी) जुना संसर्ग दिसतो पण गंभीर आजार कधी झाला नाही, असे. डॉक्सीसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी घेतली होती का, हे प्रश्नावलीत हवंच. पावसाळ्यात ती प्रतिबंधासाठी घेतली जाते, आणि मग गोळीचं श्रेय जनुकाला जातं.

रुग्णही नुसत्या आयजीएम एलायझा या प्रतिपिंड-चाचणीवर धरू नका. जोडनमुन्यात (अंतराने घेतलेल्या दोन रक्तनमुन्यांत) मॅटचा टायटर (प्रतिपिंडांची पातळी) चौपट वाढलेला, नाहीतर पहिल्या आठवड्यातल्या रक्ताचा पीसीआर पॉझिटिव्ह. रुग्ण सगळे आगरी-कोळी गावांतले आणि कंट्रोल मार्केटमधले घाटावरचे माथाडी, असं झालं तर दिसणारा फरक समाजांमधला असेल, आजाराचा नाही. आईवडिलांचं मूळ गाव विचारून जोड्या लावा. आराखडा बदलताय, तर एथिक्स कमिटीकडे सुधारित अर्ज आधी टाका.