पाझर तलावातला गाळ: कंपनी, संस्था आणि सरकार तिघं एकत्र येतायत, गावाने काय बघावं?

कोरडवाहू_गडी
नमस्कार मंडळी. आमचा पाझर तलाव 72 च्या दुष्काळातला, तेव्हापासून कुणी गाळ काढलेला नाही, पाऊस पडला की दोन महिन्यात तळ दिसतो. आता एमआयडीसीतली एक कंपनी सीएसआरमधून (कंपन्यांना समाजकामासाठी खर्चावा लागतो त्या पैशातून) पोकलेन देतो म्हणतेय, एक संस्था देखरेख करणार, आणि वरून गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार योजनेत बसवू असं सरकारी माणसं म्हणतायत. ग्रामसभेत दोन तट पडलेत, अर्धे म्हणतात मिळतंय ते घ्या, अर्धे म्हणतात तिघांच्या गोंधळात तलावाचं वाटोळं होईल. कुणाच्या गावात झालंय का असं?

पूर्णाकाठ
बुलढाणा जिल्ह्यात 2018 ला झालं ना मोठ्या प्रमाणावर. मशिनी भारतीय जैन संघटनेच्या, शंभराच्या वर होत्या जिल्हाभर, डिझेल सरकारचं, आणि गाळ न्यायचा तो शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने. हे का चाललं माहितीय का, कुणीच कुणाच्या हातात रोख पैसा दिला नाही, प्रत्येकाने आपापला वाटा वस्तूत टाकला. तरी पण भांडण डिझेलवरूनच होतं बरं का, पोकलेन तासाला पंधरा लिटरच्या आसपास पितं, त्यामुळे गावातलं एक चिकट पोरगं बसवा जे रोज सकाळ संध्याकाळ मशीनच्या तास मीटरचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकेल. आम्ही तेच केलं, ऑपरेटर पहिले तोंड वाकडं करायचा मग स्वतःच हाक मारायला लागला.

फायलीतला_माणूस
मी सीएसआरच्या कामात आहे म्हणून सांगतो, कंपनीला आधी विचारा पैसे कोणत्या वर्षातले. त्यांचं वर्ष 31 मार्चला संपतं आणि गाळाचं काम चालतं एप्रिल मे मधे, इथेच निम्मी कामं अडकतात. कंपनीच्या बोर्डाने चालू प्रकल्प, म्हणजे वर्ष संपलं तरी पुढे चालणारं काम, म्हणून मंजूर केलं असेल तर पैसे वेगळ्या खात्यात ठेवून पुढे वापरता येतात, नाहीतर मार्चमधे घाईने काहीतरी खणून फोटो काढून मोकळे. संस्थेची सीएसआर-1 नोंदणी, म्हणजे कंपन्यांचा हा पैसा वापरायची सरकारदरबारी नोंद, आहे का तेही बघा, नसेल तर कंपनी तिच्यामार्फत खर्चच करू शकत नाही.

सुगरण_शेतकरीण
सगळे मशीन मशीन करताय, ट्रॅक्टर नाही त्याने काय करायचं? आमच्याकडे पहिल्या वर्षी ज्याच्या दारात दोन ट्रॉल्या त्यानेच सगळा काळा गाळ नेला, आणि माझी मुरमाड जमीन तलावाला लागून असून तशीच राहिली. या योजनेच्या 2023 च्या जीआरमधे (शासन निर्णयात) अल्पभूधारक, विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबांना घनमीटरला 35.75 रुपये अनुदान आहे, एकरी जास्तीत जास्त 15 हजार, अडीच एकरापर्यंत. पण ते मिळतं नंतर, भाडं तर आज द्यावं लागतं ना. म्हणून कंपनीला म्हणा पोकलेन बरोबर दोन टिपर पण द्या, आणि पहिले आठ दिवस फक्त लहान शेतकऱ्यांचे नंबर लावा. यादी ग्रामसभेतच वाचून घ्या, चावडीवर नको.

पूर्णाकाठ
ताईंचं बरोबर आहे. अजून एक, आता मशीन-इंधनाला सरकार घनमीटरमागे 31 रुपये देतं, म्हणजे हिशोब तासाचा नाही मापाचा. खणायच्या आधी तलावाच्या लेव्हल, म्हणजे तळाच्या उंचीची मापं, घेतल्याशिवाय मशीन उतरूच देऊ नका. कंपनीने मशीन फुकट दिलं आणि त्याच कामाचं बिल सरकारकडे पण लागलं तर नंतर गावाचंच नाव खराब होतं.

कोरडवाहू_गडी
हे डबल बिलाचं डोक्यातच नव्हतं आलं. किती खोल जायचं ते कोण ठरवतं पण? सरपंच म्हणतात जेवढं निघेल तेवढं काढू.

निवृत्त_ओव्हरसियर
सरपंचांना आवरा! काळा गाळ संपून मुरूम लागला की थांबायचं, खाली खणलं तर पाझर वाढून पाणी टिकणार नाही असं काही तळांचं होतं, आणि बंधाऱ्याच्या पायथ्याला तर बकेट लावूच द्यायची नाही. वाळू लागली तर ती न्यायला योजनेत साफ बंदी आहे, रात्रीचं मशीन बंद ठेवा म्हणजे अंधारात वाळू उचलायचा प्रश्नच येत नाही. खोली शाखा अभियंत्याकडून लेखी घ्या, तोंडी नको.

कोरडवाहू_गडी
ठीक, शुक्रवारी ग्रामसभा आहे. रात्री मशीन बंद आणि लहान शेतकऱ्यांची यादी आधी, हे दोन ठरावातच घालतो.